वकिलीतून पटकथेकडे : बाँडवाल्या मायकल विल्सनची वाट आपल्याला चालेल का?

सीवूड्सकर_प

नमस्कार मंडळी,

इथे बरेच दिवस नुसता वाचत असतो, लिहायची ही पहिलीच वेळ. मी सीवूड्सला राहतो आणि ऐरोलीतल्या एका आयटी कंपनीत करार तपासतो. एलएलबी आहे, पण सनद घेतल्यापासून कोर्टाची पायरी काही चढलेलो नाही. पनवेल-ठाणे लोकलमध्ये बसायला जागा मिळाली की फोनवर पटकथा लिहितो. हेरकथा आहे, न्हावा-शेवा बंदरातली. एक कंटेनर, कस्टम्समधला निवृत्तीला आलेला माणूस आणि त्याच्या मुलीला लागलेली एक नोकरी. याहून जास्त इथे उघड करत नाही, राग नसावा.

मध्यंतरी बाँडपटांच्या मायकल जी. विल्सनबद्दल वाचलं. आधी इलेक्ट्रिकल इंजिनिअर, मग स्टॅनफर्डचा वकील, आणि तिथून पाच बाँडपटांचा पटकथाकार. मला तो उगाचच आपल्यातला वाटायला लागला. पण दोन गोष्टींचा उलगडा होत नाही. वकील माणसाच्या हातात एवढ्या मोठ्या चित्रपटाची पटकथा दिली कोणी, आणि का? आणि १९८९ नंतर लेखक म्हणून त्याचं नाव कुठे गेलं? निर्माता म्हणून तर तो 'नो टाइम टु डाय'पर्यंत होता. लिहिणं जमेना झालं, की सोडलं?

तिसरा प्रश्न माझा स्वतःचा. ठाण्यातल्या एका निर्मात्याने गोष्ट ऐकली, आवडली म्हणाला. "नोकरी करत करत सिनेमा होत नसतो, पूर्ण वेळ या" असं त्याचं म्हणणं. तीन पानांचा कागद सहीसाठी पाठवलाय. आई म्हणते आधी घराचा हप्ता बघ. जाणकारांनी सांगावं.

कोपरी_कट्टा

भाऊ, कसला आलाय उलगडा! सावत्र बाप कोण ते बघ. आल्बर्ट ब्रॉकली, बाँडपटांचा मालक. आपल्याकडे नटाचा पोरगा नट झाला की सगळे बोंब मारतात, तिकडे तेच झालं की त्याला 'कारकीर्द' म्हणायचं आणि लेख लिहायचे. तुझे वडील स्टुडिओचे मालक आहेत का? नाहीत ना? मग गपगुमान हप्ता भर.

वर्तकनगर_ताई

कोपरी_कट्टा, सावत्र बाप होताच, त्यात खोटं काही नाही. पण तुम्ही अर्धीच गोष्ट सांगितलीत, आणि उरलेली अर्धी जास्त मजेदार आहे.

मी कुठून बोलतेय ते आधी सांगते. अंधेरीच्या एका निर्मितीसंस्थेत हिशेब आणि करार सांभाळायचे, ठाण्याहून जाऊन-येऊन. आता निवृत्त. कायद्याची पदवी नाही. दुसऱ्यांचे करार टाइप करता करता वाचायला शिकले. त्यामुळे सिनेमा संपून लोक उठले तरी मी नावं वाचत बसलेली. आमच्या ह्यांना याचा मनस्वी वैताग. झाडूवाला पहिल्या रांगेपर्यंत आला तरी ही बाई खुर्चीत. रॉजर मूर आवडायचा तो ह्यांना. मला मात्र प्रश्न पडायचा, हा विल्सन लेखकाच्या पाटीवरही आणि निर्मात्याच्या पाटीवरही कसा? आमच्याकडे या दोन माणसांचं एकमेकांशी बोलणं बंद असायचं.

तर ऐका. त्याचे सख्खे वडील लुईस विल्सन, नट. १९४३ च्या मालिकापटात पडद्यावरचा पहिला बॅटमॅन त्यांनी केला. आई डेना, तीही अभिनेत्री. तिने १९५९ मध्ये ब्रॉकलींशी लग्न केलं तेव्हा मायकल सतरा वर्षांचा होता आणि बाँड पडद्यावर यायचाच होता. पहिला चित्रपट १९६२ चा. ब्रॉकली आणि त्यांचे भागीदार हॅरी सॉल्ट्झमन यांनी हक्क ठेवायला जी कंपनी काढली ती डॅनजॅक. डेना आणि जॅकलिन, दोघांच्या बायकांची नावं जोडून.

१९६४ मध्ये विद्यार्थी असताना 'गोल्डफिंगर'मध्ये तो सैनिकाच्या वेशात उभा राहिला. आणि मग परत गेला! हार्वी मड कॉलेजातून १९६३ ला इंजिनिअर झालाच होता, मग स्टॅनफर्डला कायदा, मग सरकारी नोकरी, मग वॉशिंग्टनमधली आंतरराष्ट्रीय कायद्याची फर्म. घरात एवढा मोठा निर्माता असताना किती पोरं फायली घेऊन बसतील, सांगा बरं.

सत्तरच्या दशकात तो इऑनमध्ये, म्हणजे बाँडपट काढणाऱ्या कंपनीत, आला तो कायद्याच्या बाजूने. आला तेव्हा भागीदारांचं फाटलेलं होतं. सॉल्ट्झमन इतर धंद्यांत बुडाले होते, बाँडमधला हिस्सा तारण ठेवून बसले होते, आणि १९७५ मध्ये तो हिस्सा त्यांनी युनायटेड आर्टिस्ट्स या स्टुडिओला विकला. १९७४ च्या बाँडपटानंतर पुढचा यायला १९७७ उजाडलं. मधल्या काळात पडद्यावर काहीच नाही, नुसते कागद. माझ्या मते या माणसाची शाळा तिथे भरली. बाँड म्हणजे नक्की काय विकत घेतलंय, कोणतं पुस्तक आपल्याकडे, कोणतं दुसऱ्याकडे, कोणता खलनायक वापरला की नोटीस येते, हे ज्याला तोंडपाठ आहे तो गोष्टीच्या चर्चेला बसला तर नुसती दाद देऊन उठणार नाही ना.

आता तुझा पहिला प्रश्न, सीवूड्सकर. पटकथा त्याच्या एकट्याच्या हातात कोणीच दिली नाही. पाचही ठिकाणी शेजारी रिचर्ड मेबॉम हे नाव आहे. 'डॉ. नो'पासूनचा माणूस, पहिल्या सोळा बाँडपटांपैकी तेरांवर त्याचं नाव. १९८१ च्या 'फॉर युअर आईज ओन्ली'च्या वेळी मेबॉम सत्तरी ओलांडलेले, विल्सन चाळिशीला टेकलेला. तोवर 'मूनरेकर'चा कार्यकारी निर्माताही झाला होता. म्हणजे खर्च कुठे किती होतो ते बघून झालं होतं, मगच लिहायला बसला.

आणि लिहिलं काय? बाँडचा मूळ लेखक इयन फ्लेमिंग, त्याच्या कादंबऱ्यांची नावं तोवर वापरून होत आली होती. या दोघांनी कपाट उघडून उरलंसुरलं बाहेर काढलं. रात्रीच्या भाताचा फोडणीचा भात सुगरण बाईच करू जाणे, तसं हे काम. आईवडिलांच्या खुनाचा सूड घेणारी मुलगी एका लघुकथेतली, एकमेकांवर उलटलेले दोन तस्कर दुसऱ्या लघुकथेतले, आणि बाँडला बोटीमागे दोरखंडाने फरपटत नेण्याचा प्रसंग 'लिव्ह अँड लेट डाय' या कादंबरीतला, जो १९७३ च्या चित्रपटात घेतलाच नव्हता. 'मूनरेकर'मध्ये अंतराळात गेलेला बाँड पुन्हा पायी चालायला लागला, डोंगर चढायला लागला. 'ऑक्टोपसी'तला लिलाव असाच एका लघुकथेतून आला. तिथे तिसरा लेखकही होता, जॉर्ज मॅकडॉनल्ड फ्रेझर. हाच तो उदयपूरचा बाँडपट: कबीर बेदी, विजय अमृतराज आणि रिक्षांचा पाठलाग. 'द लिव्हिंग डेलाइट्स'ची सुरुवात, खिडकीतली बंदूक आणि चेलो वाजवणारी बाई, तीही लघुकथाच. हे कपाट ज्याला माहीत त्यालाच असं लिहिता येतं. वकिली मध्ये आली नाही, कामाला आली.

'लायसन्स टु किल'ची गोष्ट वेगळी आहे आणि मला ती सगळ्यात जास्त आवडते. १९८८ मध्ये अमेरिकेतल्या लेखकांच्या गिल्डचा संप झाला, मार्चपासून ऑगस्टपर्यंत. आराखडा दोघांनी मिळून केला होता. मेबॉम सदस्य, त्यांनी पेन खाली ठेवलं. पुढची पटकथा विल्सनने रचली. बघ कसा झालाय तो चित्रपट! बाँडच्या मित्राला शार्कच्या तोंडी देतात (हे पुन्हा त्याच 'लिव्ह अँड लेट डाय'मधून उचललेलं), बाँड हेरखातं सोडून वैयक्तिक सूडाला निघतो, कोट-टाय विसरतो. माझ्या मते टिमथी डाल्टनचा तो चित्रपट काळाच्या पुढे होता. पंधरा-सतरा वर्षांनी डॅनियल क्रेगने तेच केलं तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पण १९८९ च्या उन्हाळ्यात तो अमेरिकेत पडला. त्याच मोसमात समोर कोण उभं होतं? 'बॅटमॅन'. वडिलांनी सगळ्यात आधी ज्याचा मुखवटा घातला त्यानेच मुलाचा गल्ला खाल्ला. असं एखाद्या मालिकेत लिहिलं असतं तर चॅनलने "जरा जास्त होतंय" म्हणून कापलं असतं.

तुझा दुसरा प्रश्न. १९८९ नंतर नाव का दिसत नाही? यानंतर सहा वर्षं बाँडपटच आला नाही. युनायटेड आर्टिस्ट्सचा हिस्सा पुढे ज्या स्टुडिओकडे गेला त्या एमजीएमची मालकी बदलत होती, नव्या मालकाने टीव्हीचे हक्क परस्पर स्वस्तात वाटायला काढले आणि डॅनजॅक कोर्टात गेली. मेबॉम १९९१ मध्ये वारले. ब्रॉकली थकले होते, १९९६ मध्ये गेले. १९९५ ला 'गोल्डनआय' आला तेव्हा निर्माते म्हणून दोन नावं: मायकल विल्सन आणि त्याची धाकटी सावत्र बहीण बार्बरा ब्रॉकली. आई एक, वडील वेगळे, वयात अठरा वर्षांचं अंतर. दोघांनी मिळून नऊ बाँडपट केले.

मला नाही वाटत त्याला लिहिणं जमेना झालं. लिहायला माणसं मिळतात. नील पर्विस आणि रॉबर्ट वेड या जोडीने १९९९ पासून सात लिहिले. कागदाशी भांडायला मात्र घरचं माणूस लागतं. 'कसिनो रोयाल' घे. बाँडची पहिली कादंबरी, पण तिचे हक्क फ्लेमिंगने फार आधी वेगळे विकले होते आणि ते फिरत फिरत सोनीकडे जाऊन बसले. १९९९ मध्ये एमजीएम आणि सोनीची तडजोड झाली, पुस्तक इकडे आलं, स्पायडरमॅनवरचा दावा तिकडे गेला. म्हणून २००६ मध्ये तो चित्रपट निघू शकला. स्पेक्टर ही बाँडची शत्रू-संघटना आणि तिचा म्होरक्या, यांचं भांडण तर साठच्या दशकापासूनचं. ते २०१३ मध्ये मिटलं आणि २०१५ मध्ये त्याच नावाचा चित्रपट आला. तारखा शेजारी शेजारी ठेवून बघ. कागद आधी, गोष्ट नंतर.

आणि तुझं काय? तो वकिली सोडून लेखक झाला असं तू वाचलंस. मी ते असं वाचते की वकिलीनेच त्याला त्या टेबलाशी नेऊन बसवलं आणि तो तिथून उठला नाही. त्या निर्मात्याच्या कागदात काय आहे ते आधी सांग. नाव नको, कलमं सांग. बाकीचं मग बोलू.

घोडबंदर_लेखणी

ताईंनी सगळं छान उलगडलंय, पण थोडं लेखकाच्या बाजूनेही.

मी मालिकांचे संवाद लिहितो. घोडबंदर रोडला जे बंगले लग्नाच्या हॉलसारखे दिसतात त्यातल्या निम्म्यांत आमच्या सासवा-सुना नांदतात. कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची, संवाद माझे. रात्री अकराला पटकथा येते, सकाळी सातच्या शिफ्टला पानं सेटवर हवीत. गायमुखला ट्रक बंद पडला की नायिका अडकते आणि मला फोन येतो, "सर, आजच्या सीनमधून सून काढा." काढतो. पैसे नव्वद दिवसांनी, तेही चॅनलकडून आले तर.

हे रडगाणं नाही. पाचच मिनिटांत सून काढायला मी कोणत्याही कोर्समध्ये शिकलो नाही, एका ज्येष्ठ लेखकाच्या घरी त्यांची पानं उतरवून घेताना शिकलो. विल्सनच्या गोष्टीत मला सावत्र बाप दिसत नाही, मेबॉम दिसतो. चाळिशीतल्या माणसाला तेरा बाँडपटवाला शेजारी बसवून घेतो, ही चैन आहे. पाच चित्रपट एकाच गुरूबरोबर! सीवूड्सकर, निर्माता नंतर शोधा, आधी तुमचा मेबॉम शोधा.

नोकरीबाबतही माझं मत सांगतो. नोकरीवाल्यांचा पहिला खर्डा संपता संपत नाही, हे मी खूप पाहिलंय. लोकलमधल्या फोनवर दृश्य सुचतं, पटकथेचा दुसरा भाग सुचत नाही. त्याला सलग बसावं लागतं. सोडा म्हणत नाही, पण बिनपगारी महिनाभर रजा मिळते का बघा.

संपाचं ताईंनी सांगितलं त्याला पुढचा धागा आहे. २००७ च्या शेवटी पुन्हा संप झाला आणि 'क्वांटम ऑफ सोलेस'ची पटकथा अर्धीकच्ची राहिली. लेखक नाहीत, म्हणून डॅनियल क्रेग आणि दिग्दर्शक सेटवर बसून संवाद जुळवत होते. हे क्रेगनेच पुढे सांगितलंय. १९८८ मध्ये निर्मात्याच्याच घरात लेखक होता, २००७ ला तो लेखक नुसता निर्माता झालेला. दोन्ही चित्रपट लागोपाठ बघा, फरक कळतो.

कोपरी_कट्टा

लेखणीदादा, सून काढल्याबद्दल आभार, आमच्या घरी आठला तीच लागते. 😀

बरं, ताईंचं पटलं असं समजा. पण मग शेवटी काय झालं तेही सांगा की. एवढं कागद कागद करून २०२५ मध्ये दोघांनी ॲमेझॉनला देऊनच टाकलं ना सगळं? मग काय उपयोग?

वर्तकनगर_ताई

देऊन टाकलं नाही हो. २०२२ मध्ये ॲमेझॉनने एमजीएम घेतली, साडेआठ अब्ज डॉलरच्या आसपास. त्यात बाँडचा निम्मा हक्क आला, पण चित्रपट काढायचा की नाही, बाँड कोण, गोष्ट कोणती, हे ठरवणं तरीही या दोघांच्याच हातात होतं. एवढे पैसे मोजून तीन वर्षं ती कंपनी दारात उभी! फेब्रुवारी २०२५ मध्ये करार झाला तो निर्णयाच्या अधिकाराचा. मालकीत घराण्याचा वाटा आजही आहे. विल्सन तेव्हा त्र्याऐंशी वर्षांचा, निवृत्त होतोय म्हणाला. त्याआधी नोव्हेंबर २०२४ मध्ये ऑस्कर अकादमीचा थॅलबर्ग पुरस्कार दोघांना मिळून दिला, तो निर्मात्यांनाच देतात. मला त्याच्या छायाचित्रांच्या संग्रहाचं जास्त कौतुक वाटतं. लंडनमध्ये त्याने १९९८ मध्ये त्यासाठी वेगळं केंद्र काढलं. म्हणजे जुने कागद जपायची सवयच दिसते या माणसाला.

विकलं ते योग्य की अयोग्य, ते मला ठरवता येत नाही. नव्या बाँडला डेनी व्हिलनव दिग्दर्शक, लेखनाला स्टीव्हन नाइट. माणसं चांगली आहेत. पण पुढच्या चित्रपटात गर्दीतला पांढऱ्या केसांचा म्हातारा मी शोधणार, आणि तो असेल की नाही कोणास ठाऊक. १९७७ पासून बहुतेक बाँडपटांत तो कुठेतरी असायचाच. आमचे हे कंटाळून म्हणायचे, "सापडला का तुझा वकील? आता चल."

सीवूड्सकर, कागद कुठे आहे?

सीवूड्सकर_प

सगळ्यांचे आभार. काल रात्री तो कागद बसून वाचला. दिवसभर दुसऱ्यांचे करार वाचतो, आणि स्वतःचा आला तेव्हा फक्त 'लेखक' या शब्दापुढे माझं नाव बघून खूश होतो, आणखी काय सांगू.

मुद्दे असे. एक, कथा-पटकथेचे सगळे हक्क, सगळ्या माध्यमांत, जगभर, कायमचे निर्मात्याला. दोन, मोबदला 'परस्परसंमतीने पुढे ठरेल'. तीन, श्रेय 'निर्मात्याच्या मर्जीनुसार'. चार, दुसरा भाग, मालिका, कॉमिक, गेम, सगळं यातच आलं. पाच, चित्रपट कधीपर्यंत काढायचा याची मुदत नाही. शिवाय एक ओळ आहे की स्वामित्वधनाचा (रॉयल्टीचा) हक्क लेखक सोडून देत आहे.

शेवटची ओळ तशीही टिकत नाही. २०१२ च्या दुरुस्तीनंतर चित्रपटगृहाबाहेरच्या वापराचं स्वामित्वधन लेखकाला सोडून देता येत नाही. वारसाला किंवा कॉपीराइट सोसायटीलाच देता येतं. मुदत आणि प्रदेश लिहिला नसता तर कायद्याने पाच वर्षं आणि भारत एवढंच धरलं असतं, पण इथे 'कायमचे' आणि 'जगभर' स्पष्ट लिहून ठेवलंय, त्यामुळे तो आधार मिळत नाही. मोबदल्याचा आकडा नसणं हे त्यांच्यासाठीही धोक्याचं आहे, कारण हक्क देताना मोबदला नमूद करावा लागतो. एवढं कायद्याचं झालं. व्यवहारात लोक काय करतात ते मला माहीत नाही. ताई, सांगता का?

वर्तकनगर_ताई

शाब्बास. हे तू केलंस म्हणजे तुला माझी गरज उरली नाही, तरी सांगते, कारण कायद्यात जे टिकत नाही त्यावरही रोज सह्या होतात. कोर्टात जाऊन ते टिकत नाही असं सिद्ध करायला लेखकाकडे ना पैसे असतात ना वेळ. मी ज्या संस्थेत होते तिथे एका लेखकाने असाच कागद वाचायच्या आधी सही केली. चित्रपट काही निघाला नाही. गोष्ट फायलीत पडली, आणि दुसऱ्याने विचारलं तेव्हा आमच्या साहेबांनी सांगितलं, "आमच्याकडे आहे ती." ते गृहस्थ गोड बोलून परत मागायला यायचे, मी त्यांना चहा द्यायचे. त्याहून जास्त काही मला करता येत नव्हतं.

म्हणून सगळे हक्क एकदम देऊ नकोस. ठरावीक मुदतीचा पर्याय (ऑप्शन) दे, म्हणजे तेवढ्या काळापुरता गोष्ट विकत घ्यायचा हक्क, साधारण वर्षभराचा, त्याचे थोडे का होईना पैसे घे. तेवढ्या काळात त्याने पैसा उभा केला आणि चित्रीकरण सुरू केलं तर बाकीची रक्कम आणि हक्क. नाही केलं तर गोष्ट आपोआप तुझी, मागायला जायचं नाही. 'आपोआप' हा शब्द लिहून घे. रकमेचे टप्पे कर: सही, पहिला खर्डा, अंतिम खर्डा, चित्रीकरणाचा पहिला दिवस. प्रदर्शनावर एकही टप्पा ठेवू नकोस, प्रदर्शन कोणाच्याच हातात नसतं.

दुसरा भाग आणि मालिका वेगळी काढ. निर्माते म्हणतात, "अहो, आधी पहिला तर होऊ दे." त्याला म्हण, म्हणूनच आत्ता नको. तुझा कस्टम्सवाला म्हातारा उद्या लोकांना आवडला तर तो कोणाचा, एवढाच प्रश्न आहे. फ्लेमिंगने एक पुस्तक वेगळं विकलं आणि ते निस्तरायला पुढच्यांची चाळीसेक वर्षं गेली.

श्रेय मर्जीवर ठेवायचं नाही. पडद्यावर, जाहिरातीत, ओटीटीच्या पानावर, कोणत्या क्रमाने, सगळं लिहून घे. दुसरा लेखक आणला तरी 'कथा' या पाटीवर तुझं नाव राहील हेही. मी पाट्या वाचणारी बाई आहे, मला माहीत आहे त्या कशा बदलतात.

आणि सहीच्या आधी स्क्रीनरायटर्स असोसिएशनचा सदस्य हो. अंधेरीत कार्यालय आहे, पण पटकथेची नोंदणी ऑनलाइन होते. नोंदणीने हक्क मिळत नाही, हे तुला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक. पण अमुक तारखेला हे लिखाण तुझ्याकडे होतं याचा पुरावा राहतो.

नोकरीबद्दल लेखणीदादांचं रजेचं मला पटलं. राजीनामा नको, रजा घे.

घोडबंदर_लेखणी

ताईंचं 'आपोआप' मी वहीत लिहून घेतलं. इतकी वर्षं लिहितोय, मला हे कोणी सांगितलं नव्हतं.

सीवूड्सकर, एक पुस्ती. हेरकथा करताय तर पुढची गोष्ट बहिर्जी नाईकांची करावी असं कोणीतरी सुचवेलच, मला वर्षातून दोनदा सुचवतात. इतिहासावर कोणाची मालकी नाही, करा खुशाल. पण त्यांच्यावर आधीच्या लेखकांनी रचलेले प्रसंग आणि संवाद हे त्या लेखकांचे आहेत, आणि लोकांच्या डोक्यात दोन्हींची सरमिसळ झालीय. "हे तर सगळ्यांना माहीत आहे" असं निर्माता म्हणाला की बखरीत कुठे आहे ते दाखवा म्हणायचं.

सीवूड्सकर_प

नोंदणी झाली. कागद दुरुस्त करून परत पाठवला: वर्षभराचा पर्याय, टप्पे, श्रेय, दुसरा भाग वगळून. अर्ध्या तासात फोन आला. "अहो, तुम्ही लेखक आहात की वकील?" मी दोन्ही म्हटलं. जरा वेळ काही बोलले नाहीत, मग रविवारी मानपाड्याला बोलावलंय. ऑफिसमध्ये रजेचा अर्ज टाकला आहे, मॅनेजरने कारण विचारलं तर 'घरगुती' सांगितलं.

पर्यायाच्या रकमेचा आकडा मी रिकामा ठेवलाय. तो त्यांनी आधी बोलायचा की मी?

वर्तकनगर_ताई

त्यांनी. तू पाणी पी आणि थांब. जो आकडा येईल त्यावर लगेच हो म्हणू नकोस, "घरी विचारून सांगतो" म्हण. आईला बरं वाटेल.

घोडबंदर_लेखणी

आणि पहिला हप्ता सहीच्या दिवशीच. नव्वद दिवसांची भाषा निघाली तर चहा संपवून उठायचं. मानपाड्याहून ठाणे स्टेशनला रविवारी तशी गर्दी कमी असते.